मत हे दानपत्र नव्हे

(किनवट येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांपुढे एका वकिलाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे निवडणुकीसंबंधी बोलणार आहे. कोणास मत द्यावे हे सांगण्यासाठी मी उभा नाही. तो अधिकार मला नाही, आणि आपणांवाचून दुसऱ्या कोणासही नाही. मला बोलावयाचे आहे ते एका विशिष्ट प्रकारच्या उमेदवाराविषयी. तो एकदा निवडून आलेला असतो आणि मुदत संपताच पुन्हा निवडून द्या म्हणून आपल्या दारी येतो. ज्या प्रदेशात एकाच पक्षाचे व एकाच घराण्याचे वर्चस्व वर्षानुवर्षे टिकते, तेथे ह्या उमेदवाराचा थाट निराळा असतो. ठेवलेली वस्तू परत न्यावयास यावे, तसा तो येतो. त्याच्याशी आपण कोणत्या नात्याने बोलावे, एवढाच आजचा विषय आहे.

आपल्या भाषेतील एका शब्दाने येथे मोठा घोटाळा करून ठेवला आहे. तो शब्द 'मतदान'. दान ही बौद्धांची पारमिता आहे. दान करणारा परतफेडीची अपेक्षा ठेवीत नाही, आणि दिलेल्या दानाचा हिशेब मागणे त्यास शोभत नाही. म्हणून भोळ्या माणसास वाटते की, मत दिले, दान झाले, विषय संपला. कायद्यात असल्या व्यवहारास दानपत्र किंवा बक्षीसपत्र म्हणतात. बक्षीसपत्राने दिलेली जमीन गेली ती गेली. देणाऱ्यास पुढे बांधावर उभे राहून पिकाचा हिशेब मागता येत नाही.

परंतु वकिलाच्या कचेरीत दुसराही एक कागद होत असतो. त्याचे नाव मुखत्यारपत्र. मला स्वतः जाता येत नाही, म्हणून माझ्या वतीने अमुक इसमाने अमुक कामे करावीत, असा तो लेख असतो. त्याने मालकी बदलत नाही. मुखत्याराने मालकाचे हित पाहावयाचे, हाती आलेल्या पैशाचा हिशेब द्यावयाचा, आणि मुदत संपली की बाजूस व्हावयाचे. आपण मतदानाच्या दिवशी करतो तो व्यवहार ह्या जातीचा आहे. आपण सर्व दिल्लीस किंवा मुंबईस जाऊ शकत नाही, म्हणून एकास पाठवितो. फरक एवढाच की, साधे मुखत्यारपत्र मालकास मध्येच रद्द करता येते. खासदारास किंवा आमदारास मुदतीपूर्वी परत बोलावण्याची सोय मतदारास आपल्या कायद्याने दिलेली नाही. म्हणूनच मुदत संपण्याच्या वेळेस इतके महत्त्व आहे. त्या वेळी आपण हिशेब मागितला नाही, तर पुढील पाच वर्षे तो मागण्याची तशी संधी नाही.

आता आपल्या भागाचा इतिहास पाहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली. त्यानंतर अठराव्या दिवशी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य पुनर्रचनेच्या कायद्याने हा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या दुःखातून समाज सावरला नाही तोच १९५७ ची सार्वत्रिक निवडणूक आली. त्या काळी काँग्रेस पक्षापुढे उभे राहणे हेच धाडस होते. स्वतः बाबासाहेबांस १९५२ साली उत्तर मुंबईत आणि १९५४ साली भंडाऱ्यात पराभव सोसावा लागला होता. नांदेड तेव्हा द्विसदस्य मतदारसंघ होता आणि १९५२ साली त्याच्या दोन्ही जागा काँग्रेसकडे गेल्या होत्या. १९५७ साली त्या दोहोंपैकी एक जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे हरिहरराव सोनुले यांनी जिंकली. ज्यांच्याजवळ पैसा नव्हता, मोटारी नव्हत्या आणि ज्यांचा नेता नुकताच गेला होता, अशा लोकांनी हे केले. बालेकिल्ला हा शब्द आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. तो किल्ला मतदारांच्याच चिठ्ठ्यांनी बांधलेला असतो, हे त्या वर्षी दिसून आले.

धर्मांतराची किंमतही निवडणुकीच्या मैदानात मोजावी लागली, हे नवदीक्षित कुटुंबांनी जाणून घेतले पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांस लागू नव्हत्या. १९६२ साली डॉ. मेश्राम हे नागपुरातील राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आले. ते बौद्ध आहेत, सबब त्या जागेस पात्र नाहीत, अशी हरकत निघाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. मनुष्याने उघडपणे दुसरा धर्म स्वीकारल्याचे जाहीर केले की कायद्याच्या दृष्टीने तो पहिल्या धर्माचा राहत नाही, असे ठरून त्यांची निवडणूक रद्द झाली. विहारात बौद्ध आणि कागदावर अस्पृश्य, असा पेच आपल्या मागील पिढीपुढे कित्येक वर्षे होता.

तो पेच कधी सुटला? १९८७ साली नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीत अशोकराव चव्हाण यांनी ॲड. प्रकाश आंबेडकर यांचा पराभव केला. वडील शंकरराव चव्हाण त्या वेळी राज्याचे मुख्यमंत्री होते आणि त्यांनीच ती जागा सोडली होती. १९८९ साली अशोकराव विद्यमान खासदार म्हणून पुन्हा उभे राहिले, आणि जनता दलाचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांनी त्यांचा पराभव केला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणांनी मत दिलेली ती पहिली सार्वत्रिक निवडणूक. अशाच ठिकठिकाणच्या निकालांतून दिल्लीत सरकार बदलले, आणि १९९० साली नव्या संसदेने बौद्धांचा अनुसूचित जातींच्या आदेशात समावेश करणारी दुरुस्ती केली. एकट्या नांदेडच्या जागेने हे घडले, असे मी म्हणत नाही. परंतु जे गाऱ्हाणे तीन तपांच्या सुमारास पडून होते, ते सत्तेवरील माणसे बदलल्यानंतर काही महिन्यांत ऐकले गेले, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

आता अलीकडील काळाकडे वळू. २०१४ साली महाराष्ट्राच्या ४८ जागांपैकी काँग्रेसने केवळ २ जिंकल्या. त्यांतील एक नांदेडची, अशोकराव चव्हाण यांची. दुसरी हिंगोलीची, जिच्यात आपले किनवट मोडते. सारा महाराष्ट्र एकीकडे गेला असता हा मुलूख जागचा हलला नाही. असे असूनही पाचच वर्षांनी, २०१९ साली, विद्यमान खासदार असलेले तेच अशोकराव भाजपचे प्रतापराव पाटील चिखलीकर यांच्याकडून ४०,१४८ मतांनी पराभूत झाले. वंचित बहुजन आघाडीचे प्रा. यशपाल भिंगे यांस १,६६,१९६ मते मिळाली.

निकाल लागताच एक वाक्य सर्वत्र ऐकू आले: "वंचितने मते खाल्ली." ह्या वाक्याची उलटतपासणी करणे मला अगत्याचे वाटते. खाल्ली ती कोणाची? दुसऱ्याच्या ताटातील भाकर खाल्ली, असे म्हणावयाचे तर ते ताट आधी कोणाचे तरी ठरले पाहिजे. मतपेटी उघडण्यापूर्वी ही १,६६,१९६ मते कोणाच्या मालकीची होती? ज्यांनी ती दिली त्यांची. दुसऱ्या कोणाचा सातबारा त्यांवर नव्हता. शिवाय स्वतः विद्यमान खासदारांची मते २०१४ साली सुमारे ४ लाख ९३ हजार होती. ती २०१९ साली सुमारे ४ लाख ४७ हजारांवर आली. म्हणजे त्यांच्या मतांतील घट पराभवाच्या फरकाहून अधिक होती. ही माणसे मला सोडून का गेली, हा प्रश्न विचारावयाचा तो विद्यमान प्रतिनिधीने स्वतःस. मतदारास चोर ठरविल्याने त्याचे उत्तर मिळत नाही.

तथापि, आपलेही एक कर्तव्य आहे. मत आपले आहे म्हणून त्याचा परिणामही आपला आहे. आपण कोणास मत दिले ह्याने कोण निवडून येते आणि कोण पडते, ह्याचा विचार न करता मत देणे म्हणजे मुखत्यारपत्रावर न वाचता अंगठा उठविणे होय. १९५७ साली जिंकण्याचा मार्ग होता, २०१९ साली पराभव पत्करूनही वेगळे उभे राहणे अनेकांस योग्य वाटले, आणि काहींस ते चुकीचे वाटले. हा वाद घराघरांत झाला पाहिजे. मात्र तो आपला आपल्याशी वाद आहे. ज्यास मत मिळाले नाही, त्याने त्यात फिर्यादी होण्याचे कारण नाही.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशोकराव चव्हाण यांनी काँग्रेस सोडून भाजपमध्ये प्रवेश केला आणि ते राज्यसभेवर गेले. २०१९ साली परस्परांविरुद्ध लढलेले दोन्ही पुढारी आता एका बाजूस आले. जाणकारांनी बेरीज केली आणि विद्यमान खासदार चिखलीकर यांचा विजय निश्चित मानला. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे वसंतराव चव्हाण ५९,४४२ मतांनी निवडून आले. पुढारी गेला, पण मते त्याच्या मागोमाग गेली नाहीत. ऑगस्ट २०२४ मध्ये वसंतरावांचे निधन झाले आणि २० नोव्हेंबर रोजी विधानसभेबरोबरच लोकसभेची पोटनिवडणूक झाली. एकाच दिवशी, एकाच केंद्रावर, त्याच मतदारांनी दोन यंत्रांवर बोट ठेवले. नांदेड लोकसभेत मोडणाऱ्या सहाही विधानसभा जागा महायुतीने जिंकल्या. लोकसभेची जागा मात्र काँग्रेसचे रवींद्र चव्हाण यांनी १,४५७ मतांनी राखली. दोन्ही पक्षांनी समजून घ्यावे असे हे उत्तर होते. आम्ही कोणाच्या गोठ्यातील नाही, असे नांदेडच्या मतदाराने एका दिवसात दोनदा सांगितले.

किनवटलाही हे नवीन नाही. २०१४ साली हिंगोलीचे विद्यमान खासदार सुभाष वानखेडे यांस राजीव सातव यांनी अवघ्या १,६३२ मतांनी हरविले. एका मोठ्या गावाची मते एवढी असतात. २०१९ साली किनवट विधानसभेत तीन वेळा निवडून आलेले प्रदीप नाईक यांचा भीमराव केराम यांनी पराभव केला, आणि २०२४ साली त्याच केराम यांस मतदारांनी पुन्हा पाठविले. विद्यमान माणसास पाडलेच पाहिजे असा नियम नाही. काम पटले तर त्यास पुन्हा मुखत्यार करावे. ते तपासून करावे, एवढेच.

येथे एक अडचण आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. जेथे एका पक्षाचा विजय ठरलेला असतो, तेथे खरी निवडणूक मतदानाच्या दिवशी होत नाही. ती तिकीट वाटण्याच्या दिवशी होते. २०२४ साली हिंगोलीचे विद्यमान खासदार हेमंत पाटील यांची उमेदवारी जाहीर झाली आणि नंतर बदलण्यात आली. मतदारांनी त्यांच्या पाच वर्षांचा निवाडा करण्यापूर्वीच तो दुसरीकडे झाला. अमेरिकेतील टेक्सास राज्यात एकेकाळी हाच प्रकार फार क्रूर स्वरूपात होता. तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडून येणार हे ठरलेले असे. त्या पक्षाने उमेदवार ठरविण्याच्या आपल्या अंतर्गत मतदानात कृष्णवर्णीयांस बंदी केली होती. आमचा पक्ष खासगी संस्था आहे, असा त्यांचा बचाव होता. डॉ. लॉनी स्मिथ नावाच्या कृष्णवर्णीय दंतवैद्याने त्याविरुद्ध दावा लावला. १९४४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जेथे खरी निवड होते त्या दारातून मनुष्यास हाकलणे म्हणजे त्याचा मताधिकार हिरावणेच होय. आपल्या देशात पक्षाने तिकीट कोणास द्यावे ह्यात मतदारास कायद्याने आवाज दिलेला नाही. परंतु तिकीट ठरण्यापूर्वी हिशेब मागण्यास कोणाची बंदीही नाही. आपण आचारसंहिता लागल्यावर जागे होतो. प्रश्न त्याआधी एक वर्ष विचारावयास पाहिजेत.

कोणते प्रश्न? मी आपणांस दोन देतो. ते दोन्ही कागदावर तपासता येतात.

पहिला पैशाचा. प्रत्येक खासदारास आपल्या भागातील कामे सुचविण्यासाठी दर वर्षी ५ कोटी रुपयांचा स्थानिक विकास निधी ठरलेला आहे. तो शासनाचा पैसा आहे, म्हणजे आपला. समाजमंदिराच्या भिंतीवरील पाटीवर नाव कोणाचेही असो, त्यांच्या घरचा रुपया त्यात नाही. ह्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे त्यांतील किमान १५ टक्के कामे अनुसूचित जातींच्या वस्त्यांसाठी आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या भागासाठी सुचवावयाची असतात. ५ कोटींचे १५ टक्के म्हणजे वर्षास ७५ लाख. हे ७५ लाख कोणत्या वस्तीत, कोणत्या कामावर गेले? जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांच्या अर्जाने हे विचारता येते.

दुसरा प्रश्न संरक्षणाचा. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतील सतराव्या नियमाने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्ह्यातील खासदार व आमदार तिचे सदस्य असतात. तीन महिन्यांतून किमान एकदा तिची बैठक झाली पाहिजे. पाच वर्षांत वीस बैठका होतात. त्यांतील किती बैठकांस आपण हजर होता, आणि आमच्या कोणत्या प्रकरणावर तोंड उघडले, हे पुन्हा मत मागणाऱ्यास विचारा. जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून नाचणे सोपे आहे. त्या बैठकीत पोलीस अधिकाऱ्यास तपास का रखडला असे विचारणे, हे आपण त्यास दिलेले काम आहे.

आता भीतीविषयी. आपले मत गुप्त आहे. कोणी बाहेर पडताना काहीही सांगितले तरी ते कोणास कळत नाही. परंतु मतमोजणीत केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, आणि ज्या केंद्रावर बहुतेक आपलीच वस्ती मत देते तेथे वस्तीचा कल कळतो. ह्याचा उपयोग करून पुढे पाणी, रस्ता, मजुरी अडविण्याची भाषा होते. त्यासाठी कायदा ध्यानात ठेवा. अनुसूचित जातीच्या मनुष्यास अमक्यास मत दे किंवा देऊ नको म्हणून धमकाविणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या तिसऱ्या कलमाखालील गुन्हा आहे. बौद्ध झाल्याने हे संरक्षण जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने ते आपणांस आहे. मतदार यादीच्या बाबतीत तर घटनेच्या ३२५ व्या कलमाने धर्म किंवा जात ह्या कारणावरून नाव वगळताच येत नाही. आणि पैशाविषयी एवढेच सांगतो की, मतासाठी लाच देणारा आणि घेणारा, दोघेही गुन्हेगार ठरतात. पाचशे रुपये घेऊन पाच वर्षांचा मुखत्यार नेमणे म्हणजे दिवसास तीस पैशांहूनही कमी दराने आपला हक्क विकणे होय. हा हिशेब घरातील शाळकरी मुलगीही करून दाखवील.

हाच निकष आपल्या समाजातील उमेदवारासही लावला पाहिजे. मी तुमचा, मी बौद्ध, म्हणून मला मत द्या, असे म्हणण्यास लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यात मनाई आहे. धर्माच्या किंवा जातीच्या नावावर मत मागणे हा भ्रष्टाचार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली बहुमताने स्पष्ट केले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीपासून देशास सावध केले होते. धर्मात भक्तीने मुक्ती मिळेलही, राजकारणात तिने हुकूमशाही येते, असा त्यांचा इशारा होता. त्यांनी तो कोणत्याही पक्षापुरता दिला नव्हता. आपण देव सोडले ते पुढाऱ्यांची पूजा मांडण्यासाठी नव्हे.

भगिनींस माझी एक वेगळी विनंती आहे. घरातील कर्त्या पुरुषाने सांगितले म्हणून मत देऊ नका. मुखत्यारपत्र नवऱ्याचे निराळे आणि बायकोचे निराळे असते. यादीत आपले नाव आहे काय ते स्वतः पाहा. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींचे नाव सहा नंबरच्या अर्जाने नोंदवा. लग्न होऊन गाव बदलले असल्यास आठ नंबरचा अर्ज भरा. यादीत नाव नसलेल्या माणसाचा राग कोणताही उमेदवार मोजीत नाही.

पुढील निवडणुकीस विद्यमान प्रतिनिधी आपल्या वस्तीत येईल. त्यास सतरंजी अंथरा, पाणी द्या, सन्मानाने बसवा. मग ७५ लाखांचा कागद आणि वीस बैठकांचा कागद त्याच्यापुढे ठेवा, आणि तो काय उत्तर देतो ते वस्तीतील सर्वांस ऐकू द्या. उत्तर पटले तर मत द्या, न पटले तर दुसरा मुखत्यार शोधा. मात्र तो कागद आजपासून मिळवावयास लागा. माहितीच्या अर्जास उत्तर येण्यास तीस दिवस लागतात, आणि निवडणूक जाहीर झाल्यावर सर्वांसच घाई असते. अर्जाचा नमुना मी बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांस हवा त्यांनी न्यावा, आणि आपल्या गावी दुसऱ्यांसही लिहून द्यावा.

जय भीम.